आगरकरांचे चरित्र शिकवताना : लेखकाची बाजू आणि लेखातला पुरावा

निवडणूक जवळ आली की कोपर स्टेशनवर लोकलची वाट बघता बघता आपल्या मोबाईलवर दोन-चार राजकीय लेख येऊन पडतात. घरी मुलंही तेच वाचतात. त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे शिकवायला गोपाळ गणेश आगरकरांचं चरित्र फार उपयोगी आहे.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कराडजवळच्या टेंभू गावी झाला. घरी गरिबी होती. तरीही ते पुण्यात एम.ए. झाले, आणि सरकारी नोकरी न धरता चिपळूणकर-टिळकांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. १८८१ साली 'केसरी' निघाला, त्याचे ते पहिले संपादक.

लवकरच कोल्हापूरचे प्रकरण गाजले. तरुण महाराजांचा छळ होतो आहे असा बोभाटा होता आणि संशय दिवाण बर्वे यांच्यावर होता. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी महाराजांची बाजू घेतली. दिवाणांना गुंतवणारी काही पत्रे त्यांनी खरी मानली. बर्वे कोर्टात गेले आणि पत्रे बनावट ठरली. माफी मागूनही १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले १०१ दिवस त्यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात काढले.

इथे जरा थांबा आणि मुलांना विचारा : महाराजांची काळजी खोटी होती का? नाही. १८८३ मध्ये नगरला नजरकैदेतच त्यांचा मृत्यू झाला. पण म्हणून ती पत्रे खरी ठरतात का? तर तेही नाही. लेखकाची कळकळ आणि त्याचा पुरावा, दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात.

पुढे मतभेद वाढले. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला, तर परक्या सरकारने असा कायदा करू नये, असे टिळकांचे म्हणणे होते. 'सुधारक'ही एका बाजूचाच होता, भाषा तर भलतीच तिखट. पण आगरकर आपल्याच समाजाला न रुचणारे लिहीत राहिले. पुण्यात जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली, तरी लेखणी बदलली नाही. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले.

वर्गात किंवा घरी एवढं करून बघा. एकाच विषयावरचे दोन विरुद्ध बाजूंचे लेख मुलांसमोर ठेवा. लेखक कोणाच्या बाजूचा आहे? पुरावा कुठून आला, आणि तो कोणी तपासला? दुसऱ्या बाजूचं म्हणणं नीट मांडलंय का? स्वतःच्या वाचकांना न आवडणारं एखादं वाक्य तरी त्यात आहे का? आपल्याला पटणारा लेख आधी घ्या. तिथेच हे प्रश्न विचारायला जड जातात.