विश्लेषण : मोहाच्या झाडाचे लॅटिन नाव मराठी कोशात देणारे मोल्सवर्थ कोण होते? १८५७चा शब्दकोश आज मोबाइलवर कसा वाचायचा?

डहाणू आणि तलासरीच्या जंगलपट्ट्यात उन्हाळा सुरू होताना मोह फुलतो. या झाडाची माहिती शोधणाऱ्या विद्यार्थ्याने मोबाइलवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडला, तर मोहाच्या नोंदीत त्याला एक लॅटिन नाव दिसते : बॅसिया लॅटिफोलिया. वनस्पतिशास्त्राच्या आजच्या पुस्तकात मात्र या झाडाचे नाव मधुका लाँगिफोलिया असे आहे. मग कोश चुकला का? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर कोश कोणी, केव्हा आणि कोणासाठी केला, हे आधी पाहावे लागते.

मोल्सवर्थ कोण होते?

जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ सालचा. वयाच्या सोळाव्या वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात दाखल होऊन भारतात आले. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि मराठी मुलखाचा मोठा भाग कंपनीच्या ताब्यात गेला. महसूल, न्यायनिवाडा, अर्जफाटे यासाठी अधिकाऱ्यांना मराठी येणे गरजेचे झाले. तोवर हाताशी असलेली साधने तोकडी होती. विल्यम केरी यांचा कोश १८१०चा, तोही मोडी लिपीत छापलेला. केनेडी यांचा कोश १८२४ साली आला, पण त्याचा आवाकाही मर्यादित होता. मोल्सवर्थ यांनी मराठी शिकता शिकता शब्द टिपायला सुरुवात केली होती. पुढे मुंबई सरकारने हे काम अधिकृतपणे त्यांच्याकडे सोपवले.

कोश कसा तयार झाला?

मोल्सवर्थ यांच्यासोबत थॉमस कँडी आणि जॉर्ज कँडी हे बंधू होते. पण कामाचा खरा आधार होता तो शास्त्री मंडळींचा. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले आदी विद्वानांनी शब्द जमवले, अर्थ तपासले. याच मंडळींचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ पासून छापला जाऊ लागला. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४० हजार शब्द होते. संस्कृत शब्दांपुरते न थांबता बोलीतले शब्द, म्हणी, वाक्प्रचारही त्यात घेतले गेले. शब्द संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी, याची खूण नोंदीसोबत दिली गेली. मराठी माणसांनी या साहेबाला आपलेसे करून ‘मोलेसरशास्त्री’ असे नाव दिले.

लष्करातून बाहेर का पडले?

मोल्सवर्थ अत्यंत धर्मनिष्ठ होते. लष्करी पेशा आपल्या ख्रिस्ती श्रद्धेशी जुळत नाही, असे त्यांचे मत झाले आणि त्यांनी नोकरी सोडली. लष्करी सेवेचे निवृत्तिवेतनही त्यांनी नाकारले. इंग्रजी-मराठी कोशाचे कामही त्यांनी हाती घेतले होते, पण प्रकृती साथ देईना. १८३६ मध्ये ते इंग्लंडला परतले. ते काम थॉमस कँडी यांनी पूर्ण केले आणि तो कोश १८४७ मध्ये आला. मराठी-इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी मोल्सवर्थ १८५१ मध्ये पुन्हा भारतात आले. तेव्हा त्यांचे वय ५६ होते. सुधारलेली, वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. शब्दसंख्या ६० हजारांच्या घरात गेली. मोल्सवर्थ यांचे १८७१ मध्ये इंग्लंडमध्ये निधन झाले.

मराठी कोशात लॅटिन कशासाठी?

झाडाचे स्थानिक नाव दर काही कोसांवर बदलते आणि इंग्रजीत अनेक झाडांना नावच नव्हते. त्यामुळे वनस्पतींची ओळख पटवण्यासाठी लॅटिन शास्त्रीय नाव देणे हा सोयीचा मार्ग होता. मोहासाठी बॅसिया लॅटिफोलिया आणि पळसासाठी ब्यूटिया फ्रॉन्डोसा ही नावे कंपनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कामातून रूढ झाली होती. मोल्सवर्थ यांनी त्या काळी चालणारी नावे घेतली. पुढे वर्गीकरण बदलले. पळस आता ब्यूटिया मोनोस्पर्मा म्हणून ओळखला जातो, म्हणजे एकबीजी. लॅटिफोलिया म्हणजे रुंद पानांचा, लाँगिफोलिया म्हणजे लांब पानांचा. मधुका हे तर संस्कृतातल्या ‘मधूक’चेच लॅटिन रूप. म्हणजे कोशकाराची चूक नाही, नाव जुने झाले आहे. प्रकल्प लिहिताना ते तसेच उतरवले, तर मात्र चूक आपली होते.

कोश मोबाइलवर कसा आला?

पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ मध्ये या कोशाचे पुनर्मुद्रण केले. त्यानंतर शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीने तो शोधता येईल अशा स्वरूपात इंटरनेटवर मोफत उपलब्ध करून दिला. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथे आहे.

लॅटिनसाठी अशी साधने आणखी एक पाऊल पुढे गेली आहेत. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस ग्रंथालयात १८७९चा लुईस आणि शॉर्ट यांचा लॅटिन कोश आहे. तिथे ‘अक्वाम’ हे विभक्तीचे रूप दिले, तरी संगणक ‘अक्वा’ म्हणजे पाणी या मूळ शब्दापर्यंत नेतो. मोल्सवर्थच्या कोशात ‘पाण्याला’ लिहून भागत नाही. ‘पाणी’ हे मूळ रूप वाचकालाच काढावे लागते. दुसरी अडचण शुद्धलेखनाची. कोशातील लेखन १९६२च्या नियमांच्या फार आधीचे आहे. आपण ‘गाव’ लिहितो, कोशात ‘गांव’ आहे. शब्द सापडला नाही, तर अनुस्वार देऊन पुन्हा शोधावे.

डहाणू-तलासरीच्या वाचकाने काय लक्षात ठेवावे?

‘वेठ’ हा शब्द या कोशात आहे. सत्ताधाऱ्याने मोबदला न देता करून घेतलेले काम, असा त्याचा अर्थ. मूळ संस्कृत ‘विष्टी’. दुसऱ्या आवृत्तीनंतर ८८ वर्षांनी, १९४५ मध्ये, तलासरीच्या भागातील वारली शेतमजूर गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली याच वेठीविरुद्ध उभे राहिले. कोशात एका ओळीत मावणाऱ्या शब्दामागे इथल्या कित्येक पिढ्यांचे कष्ट होते.

मात्र कोशातील शब्दांची पारख केली ती शास्त्री मंडळींनी आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी. वारली, काेकणा, कातकरी बोली बोलणाऱ्यांचा कोशकारांमध्ये समावेश नव्हता. आजचे मोबाइलवरील साधन त्याच पानांवर चालते, त्यामुळे कोशातील उणीव त्यातही जशीच्या तशी येते. घरात रोज बोलला जाणारा एखादा शब्द शोधल्यावर निकाल रिकामा आला, तर मुलाला तो शब्द अशुद्ध वाटू शकतो. प्रत्यक्षात तो १८५७ पर्यंत कोणी नोंदवला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. वनस्पतीचे नाव असेल तर कोशातील लॅटिन नाव आजच्या नावाशी ताडून पाहावे. बोलीतला शब्द असेल तर तो वहीत अर्थासह, गावाच्या नावासह लिहून ठेवावा. मोल्सवर्थ यांच्या कामाची सुरुवातही शब्द टिपण्यापासूनच झाली होती.