लोकनायकांची डायलिसिसवरील चार वर्षे

लोकनायक जयप्रकाश नारायण यांचे नाव आणीबाणीविरोधी लढ्याशी कायमचे जोडले गेले आहे. मात्र या लढ्याचे अखेरचे पर्व त्यांनी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली असताना, डायलिसिसच्या आधाराने पार पाडले, याचे आज अनेकांना विस्मरण झाले आहे.

११ ऑक्टोबर १९०२ रोजी सिताबदियारा येथे जन्मलेल्या जेपींचे उच्च शिक्षण अमेरिकेत झाले. मायदेशी परतल्यावर ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. नाशिकच्या तुरुंगात अच्युत पटवर्धन, मिनू मसानी आदींच्या सहवासात रुजलेल्या विचारांतून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. १९४२ मध्ये हजारीबागच्या तुरुंगातून निसटून ते भूमिगत झाले. स्वातंत्र्यानंतर सत्तेपासून दूर राहून त्यांनी भूदान चळवळीला वाहून घेतले. १९७४ मध्ये बिहारमधील आंदोलनाचे नेतृत्व त्यांनी स्वीकारले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि मधुमेहही जडला होता.

जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर होताच त्यांना अटक झाली व चंदीगड येथे स्थानबद्ध करण्यात आले. प्रकृती ढासळल्याने नोव्हेंबरमध्ये त्यांची पॅरोलवर सुटका झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झाले. यंत्रासाठी सामान्य लोकांनी वर्गणी दिली. पंतप्रधान निधीतून आलेली मदत मात्र जेपींनी स्वीकारली नाही.

डायलिसिस रक्त शुद्ध करते, पण शरीराला त्याची किंमत मोजावी लागते. यंत्रातील कृत्रिम पडद्याशी संपर्क येताच रक्तातील पांढऱ्या पेशी उद्दीपित होतात आणि प्राणवायूची अतिक्रियाशील, घातक रूपे बाहेर टाकतात. त्यांना थोपवणारे क जीवनसत्त्वही अशुद्ध द्रव्यांबरोबर वाहून जाते. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. कालांतराने रक्तवाहिन्या व हृदयाची हानी होते. डायलिसिसवरील रुग्णांच्या मृत्यूचे प्रमुख कारण आजही हृदयविकार हेच आहे. आज वाकडसारख्या उपनगरातही डायलिसिसची सोय आहे आणि पडदेही सुधारले आहेत. जेपींच्या काळी प्रचलित असलेले सेल्युलोजचे पडदे रक्ताला अधिक क्षुब्ध करीत.

अशा अवस्थेतही त्यांनी विखुरलेल्या विरोधी पक्षांना एकत्र आणले. १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला; त्यांनी स्वतः कोणतेही पद घेतले नाही. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये असताना त्यांच्या निधनाची चुकीची घोषणा संसदेत झाली. मधुमेह व हृदयविकाराने जर्जर झालेल्या जेपींनी ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात अखेरचा श्वास घेतला. १९९९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न प्रदान करण्यात आले.