गॅरेट मॉर्गन : संकटकाळीं उपयोगीं पडलेला कारागीर

धुरानें भरलेल्या घरांत शिरून कोंडलेल्या माणसास बाहेर काढणें हें मोठ्या धैर्याचें काम होय. परंतु असा धीट मनुष्य स्वतः जिवंत परत यावा म्हणून, संकट येण्यापूर्वींच विचार व खटपट करून एखादें साधन तयार ठेवणें हेंही कमी योग्यतेचें काम नव्हे. हीं दोन्ही कामें एकाच मनुष्यानें केल्याचीं उदाहरणें फार थोडीं. अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहराचे रहिवासी गॅरेट ऑगस्टस मॉर्गन हे अशा थोड्यांपैकीं एक होते. त्यांचें चरित्र आज आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांत यंत्रांची हकीकत आहे, तशीच माणसांच्या मनाचीही आहे. आणि ही दुसरी हकीकत आमच्या खेड्यापाड्यांतील बंधुभगिनींस परकी वाटणार नाहीं.

गॅरेट यांचा जन्म 4 मार्च 1877 रोजीं संयुक्त संस्थानांपैकीं केंटकी संस्थानांत, पॅरिस नांवाच्या लहानशा गांवीं झाला. फ्रान्स देशाची राजधानी ती निराळी. त्यांचे आईबाप जन्मानें गुलाम होते. अमेरिकेंत गुलामगिरी 1865 सालीं कायद्यानें बंद झाली, आणि त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनीं हें मूल जन्मास आलें. कायद्यानें बेडी तुटली होती. परंतु काळ्या वर्णाच्या माणसाकडे पाहण्याची गोऱ्या समाजाची दृष्टि पालटली नव्हती. आई एलिझाबेथ ही बाप्तिस्त मंडळीच्या एका उपदेशकाची कन्या होती. अकरा भावंडांत गॅरेट सातवा. शेतांतील कामें सांभाळून जी शाळा घडली ती पांचसहा इयत्तांचीच. चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो घर सोडून ओहायो नदीच्या पलीकडील सिनसिनाटी शहरीं गेला, आणि तेथें एका जमीनदाराकडे पडेल तें काम करूं लागला. मजुरी बेताची होती. तरी तींतूनच पैसे देऊन त्यानें एक शिक्षक ठेविला आणि अपुरें राहिलेलें शिक्षण पुढें चालविलें.

1895 सालीं मॉर्गन हे ईरी सरोवराच्या कांठीं वसलेल्या क्लीव्हलंड शहरीं आले. एका कारखान्यांत त्यांस झाडलोटीचें काम मिळालें. तेथें शिवणयंत्रें होतीं. यंत्र बिघडलें कीं कारागीर तें कसें उघडतो, कोणता भाग झिजलेला आहे हें कसें ओळखतो, हें हातांत झाडू असतांना ते पाहत असत. अशा रीतीनें ते दुरुस्तीचें काम शिकले. 1907 सालीं त्यांनीं शिवणयंत्रांच्या दुरुस्तीचें स्वतःचें दुकान घातलें. पुढच्या वर्षीं मेरी हॅसेक नांवाच्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीशीं त्यांचा विवाह झाला. आणि 1909 सालीं दोघांनीं मिळून कपडे शिवण्याचा कारखाना काढिला, त्यांत 32 माणसें कामास होतीं.

लोंकरीचें कापड शिवतांना वेगानें फिरणारी सुई तापे आणि कापड करपे. तें टाळण्यासाठीं सुईस लावावयाचें एक द्रव्य ते तयार करीत होते. तें हातास लागलें, हात फडक्यास पुसले, आणि कांहीं वेळानें पाहतात तों फडक्यावरील कुरळे तंतु सरळ झालेले! त्यांनीं तें आधीं शेजाऱ्याच्या कुत्र्यावर व मग स्वतःच्या केसांवर लावून पाहिलें. त्यापासून केस सरळ करण्याचें औषध निघालें, आणि 1913 सालीं त्याच्या विक्रीसाठीं कंपनी स्थापन झाली. या धंद्यानें त्यांस पोटाची चिंता उरली नाहीं. कोणा गिरणीचे किंवा विद्यालयाचे ते नोकर नव्हते. पुढील शोधांस लागणारा पैसा त्यांनीं आपल्याच दुकानांतून उभा केला.

आतां त्यांच्या मुख्य शोधाकडे वळूं. 1911 सालच्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्क शहरीं ट्रँगल नांवाच्या कपड्यांच्या कारखान्यास आग लागून 146 कामकरी मृत्यु पावले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. आगीच्या प्रसंगीं ज्वाळेइतकाच धूरही जीव घेतो. आग विझविणारे शिपाईदेखील धुरापुढें माघार घेतात. मॉर्गन यांनीं विचार केला तो असा: तापलेला धूर वर चढतो, म्हणून जमिनीलगत त्यांतल्या त्यांत बरी हवा राहते, तर ती खालची हवा उभ्या माणसाच्या नाकापर्यंत पोंचवावी. त्यांनीं जाड कापडाचा एक टोप केला. तो डोक्यावरून खांद्यांपर्यंत येई, आणि पाहण्यासाठीं त्यांत कांचेची खिडकी असे. टोपास जोडलेली लांब नळी जमिनीजवळ लोंबे. नळीच्या टोंकाशीं पाण्यानें भिजविलेला स्पंज असे. त्यांतून हवा गाळली जाई व थंडही होई. सोडलेला श्वास निराळ्या वाटेनें बाहेर जाई. 1912 सालीं त्यांनीं या साधनाच्या हक्कासाठीं अर्ज केला आणि 1914 सालीं तो हक्क त्यांस मिळाला. धुरापासून बचाव करणारीं साधनें त्यांच्यापूर्वींही कांहीं लोकांनीं केलीं होतीं. परंतु मॉर्गन यांचें साधन साधें, हलकें व क्षणांत घालतां येण्यासारखें होतें.

येथें एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगून ठेवितों. हा टोप हवा गाळीत असे, हवा उत्पन्न करीत नसे. आपल्याकडील जुन्या विहिरी, धान्याचीं पेवें व मैल्याच्या टाक्या यांत साचणारी विषारी हवा बहुधा जड असून तळाशींच राहते. तेथें तोंडास ओला रुमाल बांधून उतरणारा मनुष्य मरतो, आणि त्यास काढावयास उतरलेला दुसराही मरतो. अशा ठिकाणीं बाहेरून शुद्ध हवा पुरविणाऱ्या साधनावांचून कोणींही उतरूं नये.

टोप तयार झाला, पण विकावा कसा? दक्षिणेकडील संस्थानांत काळ्या मनुष्यानें केलेलें साधन गोरे अधिकारी घेणार नाहींत हें मॉर्गन जाणून होते. म्हणून त्यांनीं एका गोऱ्या मनुष्यास कंपनीचा मुख्य म्हणून लोकांपुढें उभें केलें, आणि स्वतः अमेरिकेच्या मूळच्या रहिवाशांपैकीं एखाद्या सरदाराचा वेष घेतला. डांबर, गंधक इत्यादि पदार्थ जाळून एक तंबू कोंदट धुरानें भरीत; टोप घालून हा सरदार आंत जाई, कित्येक मिनिटें तेथें राही आणि सुखरूप बाहेर येई. लोक टाळ्या वाजवीत व टोप विकत घेत. जो मनुष्य त्या साधनाचा कर्ता, त्यासच आपलें नांव लपवावें लागे. हें त्यांनीं मनावर दगड ठेवूनच केलें असेल; परंतु टोप लोकांच्या हातीं पडला पाहिजे, हें त्यांस अधिक महत्त्वाचें वाटलें.

मग 1916 सालच्या जुलै महिन्याची 24 तारीख उजाडली. क्लीव्हलंड शहर पिण्याचें पाणी ईरी सरोवरांतून घेई. कांठचें पाणी घाण झाल्यामुळें दूरचें स्वच्छ पाणी आणण्यासाठीं सरोवराच्या तळाखालून बोगदा खणण्याचें काम चालू होतें. त्या रात्रीं खणणाऱ्यांस जमिनींतील वायूचा सांठा लागला आणि मोठा स्फोट झाला. बोगदा धूर, धूळ व विषारी वायु यांनीं भरून गेला. आंतील मजुरांस काढण्यासाठीं एक टोळी उतरली. तिच्यांतील माणसें परत आलीं नाहींत. दुसरी उतरली, तिचीही तीच गति झाली. वर उभे असलेले लोक हताश झाले. तेव्हां कोणास तरी मॉर्गन यांच्या टोपाची आठवण झाली.

उत्तररात्रीं मॉर्गन यांस बोलावणें गेलें. ते झोपेच्या कपड्यांनिशींच निघाले. बरोबर त्यांचा भाऊ फ्रँक होता, आणि हातांत कांहीं टोप होते. त्या साधनावर तेथील पुष्कळांचा विश्वास नव्हता; दोन टोळ्या गडप झालेल्या त्यांनीं डोळ्यांनीं पाहिल्या होत्या. तेव्हां दोघे भाऊ व आणखी एकदोघे धीट माणसें टोप चढवून त्या काळोखांत उतरलीं. वर सर्व स्तब्ध. कांहीं वेळानें ते परत आले ते एका जिवंत मनुष्यास घेऊन. तें पाहून इतरांसही धीर आला. मॉर्गन पुन्हां उतरले. त्या रात्रीं त्यांच्या हातून दोन माणसांचे प्राण वांचले, आणि अनेकांचीं प्रेतें बाहेर काढून त्यांच्या घरच्यांच्या स्वाधीन करतां आलीं. त्या अपघातांत एकंदर सुमारें वीस माणसें दगावलीं. बोगद्यांत शिरतांना मॉर्गन यांनीं आंतल्या मनुष्याचा वर्ण विचारला नाहीं.

परंतु वर आल्यावर त्यांचा वर्ण मात्र विचारला गेला. शूर म्हणून इतरांचीं नांवें पुढें करण्यांत आलीं. कार्नेगी यांच्या नांवाच्या वीरनिधीनें इतरांस पदकें दिलीं, मॉर्गन यांस दिलें नाहीं. 1917 सालीं त्यांनीं नगराध्यक्षांस पत्र लिहून या अन्यायाबद्दल स्पष्ट शब्दांत दाद मागितली. तिचा उपयोग झाला नाहीं. क्लीव्हलंडच्या कांहीं सज्जन नागरिकांनीं मात्र वर्गणी करून त्यांस हिरे जडविलेलें सुवर्णपदक अर्पण केलें. आणखी एक परिणाम झाला. वर्तमानपत्रांत त्यांचें चित्र छापलें गेलें, आणि टोप करणारा मनुष्य कृष्णवर्णी आहे हें दक्षिणेकडे कळलें. तेव्हां तेथील कित्येक शहरांनीं आपल्या मागण्या रद्द केल्या. ज्या साधनानें आपल्याच शिपायांचे प्राण वांचावयाचे, तें करणाऱ्याच्या कातडीचा रंग पाहून त्यांनीं तें नाकारलें! अमुक हातानें काढलेलें पाणी चालत नाहीं म्हणून तहानेनें तळमळत राहणारीं माणसें आपल्या देशांतही होऊन गेलीं. वाचकांस या गोष्टीचा अर्थ निराळा सांगावयास नको. अशा हट्टानें अपमान होतो दुसऱ्याचा, पण नुकसान होतें तें आपलें.

मॉर्गन कडवट होऊन घरीं बसले नाहींत. आपल्या लोकांच्या बाजूनें बोलणारें कोणी असावें म्हणून 1920 सालीं त्यांनीं क्लीव्हलंड कॉल नांवाचें वर्तमानपत्र सुरू केलें. याच सुमारास रस्त्यांवर मोटारी वाढल्या होत्या. त्याच रस्त्यांवर घोडागाड्या, सायकली व पायीं चालणारे लोक यांची गर्दी असे. एका चव्हाट्यावर मोटार व घोडागाडी यांची टक्कर झालेली मॉर्गन यांनीं पाहिली. रहदारीचीं निशाणें तेव्हां होतीं. त्यांच्याच शहरांत 1914 सालीं विजेचे दिवे लागले होते. परंतु त्या काळचीं बहुतेक निशाणें थांबा किंवा चला एवढेंच सांगत. एका बाजूस थांबा होतांच दुसरी बाजू सुटे, आणि चव्हाट्याच्या मध्यें सांपडलेली गाडी धोक्यांत येई. मॉर्गन यांनीं एका उंच खांबास हलणारे हात बसविले आणि तिसरी खूण योजिली: सर्व बाजूंची रहदारी क्षणभर थांबावी, मधली जागा मोकळी व्हावी, पायीं चालणारांनीं रस्ता ओलांडावा, आणि मग दुसरी बाजू सुटावी. रात्रीं वर्दळ थोडी असतां हात अर्धवट उतरवून ठेवीत. त्याचा अर्थ जपून जा, असा होई. 20 नोव्हेंबर 1923 रोजीं या निशाणाचा हक्क त्यांस मिळाला. आज शहरांत हिरव्या व तांबड्या दिव्यांमध्यें पिवळा दिवा लागतो, तो दोन बाजूंमध्यें क्षणभर उसंत ठेवण्याच्या अशाच विचाराचा आहे.

1943 सालीं काचबिंदूनें त्यांची दृष्टि बहुतेक गेली. तरी मन स्वस्थ बसेना. सिगारेट ओढतां ओढतां झोंप लागून अंथरूण पेट घेतें, म्हणून सिगारेट आपोआप विझावी यासाठीं तींत पाण्याची बारीक गोळी बसविण्याची युक्ति त्यांनीं वृद्धापकाळीं काढिली. 1963 सालीं वयाच्या 86 व्या वर्षीं ते वारले. पुढें 1991 सालीं क्लीव्हलंड शहरानें पिण्याचें पाणी शुद्ध करण्याच्या आपल्या एका कारखान्यास त्यांचें नांव दिलें. ज्या पाण्याच्या बोगद्यांत ते रात्रीं उतरले होते, त्याच शहराच्या पाण्याशीं त्यांचें नांव आतां जोडलें गेलें आहे. हा न्याय होण्यास 75 वर्षें लागलीं.

त्यांच्या शोधांकडे पाहिलें तर सुई, धूर, चव्हाटा, सिगारेट हे विषय किती निरनिराळे! पण मूळ एकच. जेथें माणसास रोज इजा होते आणि लोक तें नशीब म्हणून सोडून देतात, तेथें मॉर्गन थांबून पाहत आणि उपाय शोधीत. अशा जागा आपल्या गांवींही आहेत: कठडा नसलेली विहीर, गोठ्यांत टांगलेला कंदील, मळणीयंत्राचा उघडा पट्टा. त्यांस सुधारण्यास मोठी विद्या लागत नाहीं. आणि जो कोणी तें काम करील त्याचा उपाय आपण घ्यावा. तो कोणाच्या घरीं जन्मला हें विचारीत बसूं नये.