समुद्रकाठचं घर आणि आयलीन ग्रे

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, इटलीच्या हद्दीजवळ रोकब्रून-काप-मार्तँ नावाचं गाव आहे. तिथे खडकाळ उतारावर, समुद्राकडे तोंड करून एक पांढरं, सपाट छपराचं घर उभं आहे. दारापर्यंत गाडी जात नाही, पायवाटेनेच जायचं. १९२६ ते १९२९ या काळात हे घर उभं केलं आयलीन ग्रेने, आणि वास्तुकलेचं रीतसर शिक्षण तिने कधीच घेतलेलं नव्हतं.

तिचा जन्म ९ ऑगस्ट १८७८ चा, आयर्लंडमधल्या एनिस्कॉर्थीजवळचा. घर सधन, वडील चित्रकार. लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये चित्रकला शिकून ती पॅरिसला गेली आणि तिथे सुगावारा नावाच्या जपानी कारागिराकडे लॅकरचं काम शिकली. एक थर द्यायचा, दमट खोलीत वाळू द्यायचा, घासायचा, मग पुढचा. हातांना पुरळ उठायचं, तरी तिने ते सोडलं नाही. १९२२ मध्ये तिने पॅरिसमध्ये दुकान काढलं, पण पाटीवर नाव मात्र जाँ देझेर या पुरुषाचं, तेही काल्पनिक! तो काळच तसा होता.

तिला घरं बांधायला उद्युक्त केलं रुमानियन वास्तुकार जाँ बादोव्हिची याने. घराचं नाव ई-१०२७ ठेवलं, ते दोघांच्या नावांतून. ई म्हणजे आयलीन. मग वर्णमालेतलं दहावं अक्षर जाँसाठी, दुसरं बादोव्हिचीसाठी आणि सातवं ग्रेसाठी. म्हणजे त्याची अक्षरं तिच्या कुशीत.

ऊन कुठून येतं, वारा कुठला, हे तिने जागेवर राहून पाहिलं. खिडक्या घडी होऊन बाजूला सरकतात. स्वयंपाकघर घरापासून वेगळं, कारण त्या भागातल्या बायका उन्हाळ्यात बाहेर स्वयंपाक करायच्या, हे तिने लक्षात ठेवलं. बाल्कनीला जहाजासारखा कठडा. पलंगाशी ओढून घेता येईल आणि उंची कमीजास्त करता येईल असं काचेचं छोटं टेबल तिने याच घरासाठी केलं. आज त्याच्या नकला जगभर विकल्या जातात. ल कॉर्बुझिए घराला राहण्याचं यंत्र मानायचा. आयलीनला ते पटत नव्हतं. तिच्या लेखी घर हे माणसाचं कवच होतं.

ट्रान्झॅट ही तिची खुर्ची जहाजाच्या डेकवरच्या खुर्चीवरून सुचलेली. तिचा एक नमुना आपल्या इंदूरलाही आला होता! यशवंतराव होळकरांच्या माणिकबागेत, महाराजांच्या शयनकक्षात. आता तिथे सरकारी कचेरी आहे आणि राजवाड्यातलं ते सामान १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात गेलं.

दोघांचं बिनसल्यावर १९३२ च्या सुमारास आयलीन त्या घरातून निघून गेली. घर बादोव्हिचीकडे राहिलं. मग १९३८-३९ मध्ये त्याचा मित्र कॉर्बुझिए तिथे आला आणि त्याने पांढऱ्या भिंतींवर मोठमोठी चित्रं रंगवली. त्याने आयलीनला विचारलंच नाही. तिला ही सरळ तोडफोड वाटली, आणि मला तरी तिचंच म्हणणं रास्त वाटतं. दुसऱ्याच्या वहीत न विचारता कविता लिहिण्यासारखंच ते! पुढे युद्धात जर्मन सैनिकांनी त्या भिंतींवर नेमबाजीचा सराव केला.

१९५२ मध्ये कॉर्बुझिएने त्या घराच्या अगदी मागे स्वतःसाठी लाकडी केबिन बांधली. एक बाजू जेमतेम ३.६६ मीटर. आपल्याला तो चंदीगडमुळे माहीत. २७ ऑगस्ट १९६५ रोजी त्याच किनाऱ्यावर पोहताना तो गेला. आयलीन तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांची होती, पॅरिसमध्ये जवळजवळ विसरलेली. पुष्कळांना तर ते घर एकट्या बादोव्हिचीचं वाटायचं.

१९६८ मध्ये जोसेफ रिक्वर्टने तिच्यावर लेख लिहिला. १९७२ मध्ये तिचा एक जुना लॅकरचा पडदा पॅरिसच्या लिलावात मोठ्या किमतीला गेला, आणि एकदम सगळ्यांना ती आठवली. नव्वदी ओलांडूनही ती काम करत होती. स्वतःची खाजगी पत्रं मात्र तिने जाळून टाकली होती. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी पॅरिसमध्ये ती वारली.

घर आता दुरुस्त होऊन लोकांना पाहण्यासाठी खुलं आहे. कॉर्बुझिएची चित्रं तिथे अजून आहेत. तीही आता वारसा ठरली, त्यामुळे पुसता येत नाहीत.