सर रिचर्ड टेंपल

सर रिचर्ड टेंपल (८ मार्च, १८२६ – १५ मार्च, १९०२) हे ब्रिटिश भारतातील एक प्रशासक होते. ते मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त असताना नागपूर प्रदेशात मालगुजारी पद्धत दृढ झाली. आजच्या कुही तालुक्याचा परिसरही याच पद्धतीखाली होता.

जीवन

टेंपल यांचा जन्म इंग्लंडमधील वूस्टरशर परगण्यात झाला. रग्बी व हेलीबरी येथे शिक्षण घेऊन ते बंगालच्या मुलकी सेवेत दाखल झाले. पंजाबात त्यांनी जॉन लॉरेन्स यांच्या हाताखाली काम केले. १८६२ ते १८६७ या काळात ते मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे आदिवासींविषयीचे लेखन त्यांनी १८६६ मध्ये संपादित केले. पुढे ते बंगालचे नायब राज्यपाल आणि १८७७ ते १८८० या काळात मुंबईचे राज्यपाल झाले. १८७७ च्या दुष्काळात मजुरांचे धान्य कमी केल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली.

जमिनीची मालकी

भोसले राजवटीत पाटील गावचा सारा गोळा करून सरकारात भरीत असे. तो गावचा मालक नव्हता. त्याला मालकी देण्याचे धोरण टेंपल यांच्या आधीच ठरले होते, पण त्याच्या अंमलबजावणीचा मोठा भाग त्यांच्या काळात पार पडला. मालकी मिळाल्यास मालगुजार जमिनीत भांडवल घालेल, अशी अपेक्षा होती. काही मालगुजारांनी तलाव राखले. मात्र जमीन कसणारे बहुसंख्य शेतकरी कुळे ठरले. मालकी विकता येत असल्याने कर्जापायी अनेक गावे सावकारांकडे गेली. कुळांच्या संरक्षणासाठी १८८३ मध्ये कायदा करावा लागला. शेजारच्या वऱ्हाडात मात्र रयतवारी होती. तेथे शेतकरी स्वतःच सरकारला सारा देत असे.

परिणाम

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. तलाव शासनाकडे आले; आज ते माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. देखभालीअभावी त्यांतील अनेक गाळाने भरले.

अभिजित बॅनर्जी व लक्ष्मी अय्यर यांनी २००५ मध्ये भारतातील जिल्ह्यांची तुलना प्रसिद्ध केली. जमीनदारांना मालकी मिळालेले जिल्हे स्वातंत्र्यानंतरही शेतीतील गुंतवणूक व उत्पादकतेत मागे राहिल्याचे तिच्यात आढळले. मालकीची केवळ नोंद पुरेशी नसून ती कोणाच्या नावे होते यावरही शेतीची प्रगती अवलंबून असते, हे मध्य प्रांताच्या उदाहरणावरून दिसते.