खेळ हाच पेशा : विजय हजारे

दिवेलागणीच्या सुमारास मैदानावरून घामाघूम होऊन घरी परतणाऱ्या मुलास आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : खेळून का कोणाचे पोट भरते? प्रश्न काळजीपोटी विचारलेला असतो, आणि शिक्षकांच्या तोंडीही तो नेहमीचाच असतो. एका शाळामास्तरांच्याच मुलाने या प्रश्नास तीस वर्षांहून अधिक काळ मैदानावर उत्तर दिले. त्याचे चरित्र यंदाच्या अंकात विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळेत शिक्षक, भावंडे आठ. अशा घरात पैसा किती असतो हे निराळे सांगावयास नको. त्या काळी क्रिकेट हा राजेमहाराजांच्या आश्रयाने वाढणारा खेळ होता. संस्थानिक चांगला खेळाडू हेरीत, त्यास पदरी ठेवीत, नोकरी देत, आणि आपल्या संघातून खेळवीत. गवयास व मल्लास जसा दरबारचा आश्रय मिळे, तसाच तो फलंदाजासही मिळू लागला होता. हजारे यांची खेळी याच वाटेने सुरू झाली. ऑस्ट्रेलियाचा विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट हा एका संस्थानिकाच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात आला होता, त्याचे मार्गदर्शन त्यांस लाभले. महाराष्ट्र, मध्य हिंदुस्थान, पुन्हा महाराष्ट्र, असे करीत १९४१ च्या सुमारास ते बडोद्यास आले आणि अखेरपर्यंत बडोद्याचेच होऊन राहिले. तत्पूर्वी १९३९-४० च्या हंगामात पुण्यास याच बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या होत्या. प्रथम दर्जाच्या सामन्यात त्रिशतक करणारे ते पहिले हिंदी खेळाडू. बडोदेकरांनी हा माणूस आपल्याकडे ओढून घेतला, यात नवल ते काय?

येथे हैदराबादकरांस एक आठवण सांगावीशी वाटते. १९४२-४३ साली बडोद्याने रणजी करंडक प्रथमच जिंकला, तो अंतिम सामन्यात हैदराबादचा पराभव करून. हजारे यांच्या नावाचा दरारा आपल्या गावास तेव्हापासून ठाऊक आहे.

मुंबईस त्या काळी जातवार व धर्मवार संघांचे सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन असे चार संघ होते. ख्रिस्ती, ज्यू इत्यादींनी कोठे जावे? त्यांच्यासाठी १९३७ साली पाचवा संघ निघाला व त्यास ‘रेस्ट’, म्हणजे उरलेले, असे नाव मिळाले. सांगलीच्या या ख्रिस्ती तरुणास याच उरलेल्यांतून खेळावे लागले. महात्मा गांधींनी १९४० सालीच या प्रकारास आपली नापसंती कळविली होती, आणि १९४६ नंतर तो बंद पडला, हे योग्यच झाले असे आम्ही मानतो. तथापि त्या सामन्यांतील एक डाव मात्र विसरला जाणे शक्य नाही. डिसेंबर १९४३ मध्ये ब्रेबोर्न मैदानावर अंतिम सामना हिंदू व रेस्ट यांच्यात झाला. हिंदू संघाने पाच गडी गमावून ५८१ धावा केल्या, त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. त्यांपैकी ५९ एकट्या हजारे यांच्या. दुसऱ्या डावातही पाच गडी भराभर बाद झाले. तेव्हा त्यांचे धाकटे बंधू विवेक खेळावयास आले. दोघा भावांनी सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागीदारी केली. या तीनशेंत विवेक यांच्या धावा होत्या २१! बाकीचा सारा भार थोरल्याने उचलला, आणि धाकट्याने आपले टोक सांभाळले. रेस्टचा डाव ३८७ धावांत संपला, त्यांत विजय हजारे यांच्या ३०९ होत्या. सामना एका डावाने गमावला गेला हे खरे. पण गणिताच्या तासाला शेकडेवारी काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

महायुद्धामुळे कसोटी सामने बंद होते. त्यामुळे हजारे यांस पहिला कसोटी सामना मिळाला तो १९४६ साली लॉर्ड्सवर, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. फलंदाजाचे ऐन उमेदीचे दिवस युद्धाने खाल्ले. त्या दौऱ्यात शेफील्ड येथे यॉर्कशायरविरुद्ध त्यांनी नाबाद २४४ धावा केल्या. मायदेशी परतल्यावर मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध गुल महंमद यांच्याबरोबर चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी झाली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. कोणत्याही गड्यासाठी एवढी भागीदारी जगात पूर्वी झाली नव्हती.

पुढल्याच हिवाळ्यात ते ऑस्ट्रेलियास गेले. सिडनीस त्यांनी खुद्द ब्रॅडमन यांचा त्रिफळा १३ धावांवर उडविला. होय, हजारे हे चांगले मध्यमगती गोलंदाजही होते आणि प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांनी ५९५ बळी घेतले. जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेड येथे ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर उभा केला. हजारे यांनी पहिल्या डावात ११६ व दुसऱ्या डावात १४५ धावा केल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात लिंडवॉलने सात गडी टिपले व सहा फलंदाज शून्यावर परतले. संघाच्या २७७ पैकी १४५ धावा एकट्या हजारे यांच्या! बाजू पडती असता उभे राहावे, हा जणू त्यांचा स्वभावधर्मच होता.

आता आम्ही त्यांच्या आयुष्यातील अशा भागाकडे वळतो की ज्याची माहिती आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. इंग्लंडच्या उत्तरेस लँकेशायर हा कापडगिरण्यांचा प्रांत. तेथील गावांनी १८९२ साली आपसांत सामन्यांची एक मालिका सुरू केली, तिला लँकेशायर लीग म्हणतात. संघ दीर्घकाळ चौदा होते. खेळणारे सारे गावचेच : गिरणीतले कामगार, कारकून, दुकानदार. शनिवारी दुपारी काम सुटले की सामना. मात्र प्रत्येक संघास एक पगारी खेळाडू ठेवण्याची मुभा असे. तो बहुधा परदेशचा व नामांकित असे. दर शनिवारी त्याने धावाही कराव्या, बळीही घ्यावे, आणि आठवड्याच्या इतर दिवशी गावच्या मुलांस खेळ शिकवावा, अशी अपेक्षा असे. त्याने पन्नास धावा केल्या की प्रेक्षकांतून टोपी फिरविली जाई व तीत पडलेले नाणे त्याच्या हाती देण्यात येई. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाईन नेल्सन गावी नऊ हंगाम असे खेळले. आपले अमरसिंग कोल्न येथे व लाला अमरनाथ नेल्सन येथे खेळून आले होते.

१९४९ च्या उन्हाळ्यात रॉटनस्टॉल या गावाने विजय हजारे यांस नेमले. इर्वेल नदीकाठचे, टेकड्यांच्या कुशीतले हे गिरण्यांचे गाव. पावसाने भिजलेल्या, चेंडू संथ येणाऱ्या खेळपट्ट्या; मुंबई-बडोद्याच्या कडक खेळपट्ट्यांशी त्यांचे काहीच नाते नाही. शेजारच्या बेकप गावाने त्याच वर्षी वेस्ट इंडीजच्या एव्हर्टन वीक्स यांस आणले होते. योगायोग असा की, त्याच फेब्रुवारीत मुंबईच्या कसोटीत हे दोघे समोरासमोर उभे होते. विजयासाठी ३६१ धावा हव्या असता हजारे यांनी १२२ धावा करून भारतास विजयाच्या दारापर्यंत आणले आणि अवघ्या सहा धावा कमी असता खेळ थांबला. काही महिन्यांतच तेच दोघे चारेक मैलांच्या अंतरावरील दोन गिरणगावांचे पगारी खेळाडू झाले. पुढे हजारे त्याच प्रांतातील रॉयटन या संघाकडूनही खेळले.

पगारी खेळाडू या शब्दात त्या काळी कमीपणा होता, हे आजच्या मुलांस खरे वाटणार नाही. इंग्लंडात हौशी खेळाडू हे ‘जंटलमेन’ आणि पैसे घेऊन खेळणारे ते नुसते ‘प्लेअर्स’. कित्येक मैदानांवर दोघांची कपडे बदलण्याची जागा निराळी, आत येण्याचे दार निराळे. इंग्लंडचा कर्णधार हौशांपैकीच असावा असा विसाव्या शतकात दंडक पडून गेला होता. आमच्या मते हा एक प्रकारचा वर्णभेदच होय. फक्त तो गोऱ्यांनी गोऱ्यांशी पाळलेला. आपल्याकडेही काही फार वेगळे नव्हते. १९३२ च्या दौऱ्याचे प्रमुखपद पोरबंदरच्या महाराजांकडे, १९३६ चे विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे व १९४६ चे पतौडीच्या नवाबांकडे गेले. पोरबंदरकरांनी कसोटीच्या वेळी सी. के. नायडू यांस पुढे केले, हा त्यांचा मोठेपणा. आणि पतौडीकर हे तर स्वतःच थोर फलंदाज होते.

अशा वातावरणात १९५१ साली भारताचे कर्णधारपद शाळामास्तरांच्या या मुलाकडे आले. इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या दोन कसोट्यांत त्यांनी दिल्लीस नाबाद १६४ व मुंबईस १५५ धावा केल्या. मालिकेतील शेवटचा सामना मद्रासला ६ फेब्रुवारी १९५२ रोजी सुरू झाला. त्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारले व दुसरा दिवस सुटीचा झाला. विनू मंकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत आठ बळी घेतले. पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांनी शतके केली. आणि दुसऱ्या डावात मंकड यांच्याबरोबर चार बळी घेतले ते आपल्या हैदराबादच्या गुलाम अहमद यांनी. भारताने एक डाव व आठ धावांनी सामना जिंकला. वीस वर्षांत मिळालेला हा पहिलाच कसोटी विजय, आणि तो हजारे यांच्या नेतृत्वाखाली.

यानंतर चारच महिन्यांनी, ५ जून १९५२ रोजी, लीड्स येथे नाणेफेकीसाठी दोघे जण मैदानात उतरले. एक इंग्लंडचे लेन हटन. विसाव्या शतकात इंग्लंडचे कर्णधारपद मिळालेले पहिले पगारी खेळाडू, आणि हा त्यांचा कर्णधार म्हणून पहिलाच सामना. दुसरे रॉटनस्टॉलचे माजी पगारी खेळाडू विजय हजारे. क्रिकेटच्या इतिहासात या क्षणाची नोंद धावांच्या नोंदींपेक्षा ठळक हवी होती, असे आम्हांस राहून राहून वाटते.

सामन्यात मात्र दुर्दैव ओढवले. पहिल्या डावात हजारे यांनी ८९ धावा करून तरुण विजय मांजरेकर यांच्यासमवेत २२२ धावांची भागीदारी केली. दुसऱ्या डावात फ्रेड ट्रूमन या नवख्या वेगवान गोलंदाजाने व बेडसर यांनी पहिल्या चौदा चेंडूंत चार गडी बाद केले, तेव्हा फलकावर भारताची एकही धाव नव्हती. शून्यावर चार! ट्रूमन यांनी लागोपाठ दोन चेंडूंवर दोन त्रिफळे उडविले होते. तिसऱ्या चेंडूस सामोरे गेले हजारे. तो त्यांनी खेळून काढला आणि ५६ धावा करूनच ते परतले.

या सामन्यात मंकड नव्हते, आणि याचेही कारण पेशातच सापडते. हॅझलिंग्डन या लँकेशायरमधील गावाशी त्यांचा करार झाला होता. दौऱ्यात आपली निवड नक्की होईल असे आश्वासन त्यांनी मागितले व ते नियामक मंडळाने नाकारले. लीड्सच्या पराभवानंतर धावाधाव करून त्यांस सोडवून आणण्यात आले. लॉर्ड्सला त्यांनी ७२ व १८४ धावा केल्या आणि ९७ षटके टाकली. हजारे यांच्या नाबाद ६९ व ४९ धावा त्या झगमगाटात कोणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. मालिका तीन-शून्य अशी गमावली गेली.

कर्णधार म्हणून हजारे फार सावध होते, जिंकण्यापेक्षा न हरण्याकडे त्यांचा ओढा असे, अशी टीका झाली आणि ती अगदीच निराधार नाही. चौदा सामन्यांत एक विजय, पाच पराजय व आठ अनिर्णित, असा हिशेब आहे. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांच्या धावाही आटल्या, आणि त्या दौऱ्याबरोबर त्यांचे कसोटीजीवन संपले. तीस कसोट्यांत २,१९२ धावा व सात शतके. कसोटीत हजार धावा पुऱ्या करणारे पहिले भारतीय तेच. मैदानावर वाद घालणे त्यांस ठाऊक नव्हते. इतका अबोल व सौम्य माणूस सेनापती व्हावयास नको होता, असे म्हणणारे आजही भेटतात. त्यांनी मद्रासचा सामना आठवावा.

बडोद्याकडून ते पुढेही अनेक वर्षे खेळले, राष्ट्रीय निवड समितीवरही त्यांनी काम केले. १९६० साली त्यांस व जसू पटेल यांस पद्मश्री मिळाली. क्रिकेटपटूंपैकी हा मान मिळविणारे हे पहिले दोघे. राज्याराज्यांतील एकदिवसीय सामन्यांचा करंडक आज विजय हजारे यांच्या नावे आहे, आणि हैदराबादचा संघही त्यासाठी झुंजतो.

१८ डिसेंबर २००४ रोजी वडोदरा येथे, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, हजारे यांनी देह ठेवला. बडोद्याच्या त्या ५७७ धावांच्या भागीदारीचा जागतिक विक्रम तोवर सत्तावन्न वर्षे टिकून होता. तो मोडला २००६ साली, कोलंबो येथे, श्रीलंकेच्या संगकारा व जयवर्धने यांनी ६२४ धावा करून. हजारे यांचे साथीदार गुल महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, त्या देशाकडूनही एक कसोटी खेळले, आणि १९९२ साली लाहोर येथे निवर्तले.