संततिनियमनाचे एकाकी पुरस्कर्ते : र. धों. कर्वे

भारत सरकारने 1952 मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असा कार्यक्रम शासकीय पातळीवर सुरू करणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. त्याच्या तीन दशके आधी, 1921 मध्ये, मुंबईत एका गणिताच्या प्राध्यापकाने स्वतःच्या बळावर संततिनियमन केंद्र उघडले होते. ते प्राध्यापक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे.

14 जानेवारी 1882 रोजी जन्मलेले रघुनाथराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र. आई राधाबाई 1891 मध्ये निवर्तल्या. दोन वर्षांनी वडिलांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि कुटुंबाला सामाजिक बहिष्कार सोसावा लागला. रूढीविरुद्ध उभे राहिल्यास काय किंमत मोजावी लागते, हे रघुनाथरावांनी बालपणीच पाहिले होते.

पुण्यात शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी गणिताचे अध्यापन केले आणि पुढील अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. परतल्यावर त्यांनी मुंबईत केंद्र सुरू केले. याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी ब्रिटनमधील पहिले असे केंद्र उघडले होते. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रियांचे शरीर खंगते, अनेकींचा जीव जातो, आणि हे टाळण्याची साधने उपलब्ध असूनही ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत, ही त्यांची मुख्य व्यथा होती. 1923 मध्ये त्यांनी संततिनियमनावर मराठीत पुस्तक लिहिले.

या कार्यामुळे ते ज्या विल्सन महाविद्यालयात शिकवीत होते, तेथील नोकरी 1925 मध्ये सुटली. उत्पन्नाचा स्थिर आधार गेला, तरी त्यांनी काम थांबवले नाही. पत्नी मालतीबाई यांची त्यांना खंबीर साथ होती. या दांपत्याने स्वतः अपत्य न होऊ देण्याचा निर्णय घेतला होता.

जुलै 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. गर्भनिरोधन, गुप्तरोग, लैंगिक शिक्षण आणि स्त्रियांचे कामजीवन या विषयांवर त्यात स्पष्ट भाषेत लेखन होई. वाचकांच्या शंकांना शास्त्रीय उत्तरे दिली जात. त्यामुळे अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. 1931 मध्ये त्यांना दंड झाला. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. तो खटलाही ते हरले आणि पुन्हा दंड भरावा लागला.

त्या काळी संततिनियमनाला विरोध केवळ सनातनी मंडळींचा नव्हता. महात्मा गांधींना लोकसंख्येचा प्रश्न मान्य होता, पण त्यावर कृत्रिम साधने नव्हे तर ब्रह्मचर्य हाच मार्ग आहे, असे त्यांचे मत होते. संयमाचा हा उपदेश कर्वे यांना अव्यवहार्य वाटे. विवाहित स्त्रीला नकार देण्याचा अधिकारच नसताना संयमाचे ओझे अखेर तिच्यावरच पडते, हे ते जाणून होते. 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात आंबेडकरांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मांडला गेला, पण तो फेटाळण्यात आला.

मालतीबाईंचे 1944 मध्ये निधन झाले. त्यानंतरही कर्वे एकट्याने मासिक काढत राहिले. 14 ऑक्टोबर 1953 रोजी त्यांचे निधन झाले आणि त्याच्या पुढच्या महिन्यात 'समाजस्वास्थ्य'चा अखेरचा अंक निघाला. अमोल पालेकर यांनी 2001 मध्ये त्यांच्या जीवनावर 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला.

त्यांच्या पश्चात देशाने त्यांचा मार्ग स्वीकारला, पण नेहमी त्यांच्या अर्थाने नाही. कर्वे यांच्या विचारात केंद्रस्थानी व्यक्तीचे, विशेषतः स्त्रीचे स्वातंत्र्य होते. आणीबाणीच्या काळात, 1975 ते 1977 दरम्यान, सक्तीच्या नसबंदीने त्याच स्वातंत्र्यावर घाला घातला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशाचा एकूण प्रजनन दर 2.0 पर्यंत खाली आला. मात्र त्याच पाहणीत 15 ते 49 वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 38 टक्के स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतल्याचे दिसते. पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे 0.3 टक्के आहे. साधने घरोघरी पोहोचली, तरी त्यांचा भार अजूनही स्त्रीच वाहते आहे. कर्वे यांचे निम्मे काम त्यामुळे अद्याप बाकी आहे.